कवठसांगवीचा ठिपका

औशाच्या बसस्टँडवर कुणालाही पत्ता विचारा, माणूस हातातला चहाचा कप खाली ठेवून तुम्हाला चार गल्ल्या सांगेल आणि त्यातल्या दोन चुकीच्या असतील. त्यात वाईट हेतू काही नसतो. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, एवढीच अडचण. अजीज शेख मात्र खुशाल नाही म्हणायचा. ठाऊक नसलं तर तोंडावर "मालूम न्हाई" म्हणून मोकळा, आणि ठाऊक असलं तर स्वतः कोपऱ्यापर्यंत चालत येऊन बोट दाखवणार. गावात या स्वभावाला हट्टीपणा म्हणतात. पण या हट्टाची त्याला जी किंमत पडली ती ऐकल्यावर नावं ठेवणाऱ्यांचीही जीभ अडखळते.

त्याचे अब्बा नासिरभाई किल्ल्याच्या वाटेवर शिलाई मशीन घेऊन बसायचे. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा निघाला तेव्हा अजीज सहा वर्षांचा होता. पावसाने ताण दिला होता, मूग-उडीद जागच्या जागी करपले होते, तरी नव्या जिल्ह्याचा उत्साह दांडगा होता आणि नासिरभाई दोन दिवस मान वर न करता पताका शिवत होते. पोराने विचारलं, "अब्बा, कल रात उस्मानाबाद में सोए, आज लातूर में उठे? अपना घर सरक गया क्या?"

"घर वहींच है बेटा," नासिरभाई म्हणाले, "कागद सरक्या."

हे उत्तर अजीजला पटलं नाही. तो अंगणात जाऊन चारी बाजूंनी घर बघून आला.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. नासिरभाईंनी दुकानात होतं नव्हतं तेवढं पांढरं कापड कफनासाठी फाडून दिलं आणि अजीज मोहल्ल्यातल्या माणसांबरोबर ते घेऊन तेरणा नदीच्या काठी गेला. आपण नेमके कोणत्या गावात होतो हे त्याला आजही सांगता येत नाही. सगळ्याच गावांचे दगडमातीचे ढीग झालेले, वरून पाऊस, आणि त्या चिखलात फौजेचे जवान नुसत्या हातांनी दगड उपसत होते. एका जवानाने त्याच्या हातात दोराचं टोक दिलं आणि संध्याकाळपर्यंत सोडू दिलं नाही. घरी येऊन अजीजने अब्बांना सांगितलं की मी फौजेत जाणार. दोन वर्षांनी तो तोफखान्यात ड्रायव्हर म्हणून भरतीही झाला.

९९ साली कारगिलच्या डोंगरात त्याने ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं. विटेएवढं, जाडजूड, काळपट हिरवं. ते कॅप्टनसाहेबांच्या ताब्यात असायचं. सही करून घ्यायचं, सही करून परत द्यायचं, आणि ड्रायव्हरने नजर रस्त्यावर ठेवायची. पण कॅप्टनसाहेबांना बोलायला कुणीतरी लागायचं आणि गाडीत दुसरं कोण होतं? त्यांनीच त्याला समजावून सांगितलं. आकाशात उपग्रह फिरतात, त्यांचे इशारे हे यंत्र पकडतं आणि आपण पृथ्वीवर कुठे उभे आहोत ते आकड्यांत सांगतं. अमेरिकेच्या फौजेने आपल्या लढाईसाठी ही गोष्ट घडवली. मग एक प्रवासी विमान वाट चुकून परक्या हद्दीत शिरलं, पाडलं गेलं, आतली सगळी माणसं गेली. तेव्हा कुठे अमेरिकेने जाहीर केलं की हे साऱ्या जगाला वापरायला देऊ. माणसं मेल्याशिवाय कुलूप निघत नाही, ही रीत तिकडेही आहेच म्हणायची. आणि दिलं तेही गवळ्याने पाणी घालून दूध द्यावं तसं. चोख इशारे स्वतःच्या फौजेला, बाकी जगाला मुद्दाम गढूळ केलेले. शंभर मीटरपर्यंत चूक व्हायची.

"शंभर मीटर म्हणजे किती रे, अजीज?" कॅप्टनसाहेबांनी विचारलं.

"एक गल्ली, साहेब."

"तोफेला ती एक गल्ली म्हणजे आपली माणसं की दुश्मनाची, एवढा फरक."

चुकीचं ठिकाण सांगणं म्हणजे माणूस मारणं, ही गाठ अजीजने तिथे बांधली ती कायमची.

पुढच्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने तो गढूळपणा काढून टाकला आणि एका दिवसात साऱ्या जगातली यंत्रं चोख झाली. औशात याची कुणाला खबरही नव्हती, लोक लग्नसराईत गुंतलेले होते. २०१२ साली अजीज पेन्शन घेऊन घरी आला तोवर, ज्या यंत्रासाठी कॅप्टनला सही करावी लागायची ते रिक्षावाल्याच्या खिशात येऊन पडलं होतं. लग्नपत्रिकेबरोबर हॉलचं ठिकाण मोबाइलवर यायचं. त्याची बायको हसीना माहेरी उदगीरला निघाली की बस कुठवर आली ते फोनवर बघून भावाला कळवायची. अजीजला या सगळ्याची गंमत वाटायची, आणि थोडी धास्तीही. एवढी जबाबदारीची वस्तू लोक गाणी ऐकायच्या फोनमध्ये घेऊन फिरतात, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं.

मग २०१६ चा तो उन्हाळा आला. लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं, यावरून खेड्यांची काय गत असेल ते समजून घ्या. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार अशी आवई त्या वर्षीही उठली होती, आणि नव्या जिल्ह्याला प्यायला काय देणार म्हणून लोक पारावर हसत होते. घरी बसून राहणं अजीजच्या रक्तात नव्हतं. त्याने सरकारी पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हरकी धरली.

टँकरच्या डॅशबोर्डखाली एक काळी डबी बसवलेली होती आणि तिचा हिरवा दिवा सतत लुकलुकायचा. कागदावर चार खेपा आणि गावात दोन, हे दुखणं जुनं होतं. त्यावर हे औषध. कचेरीतल्या संगणकावर प्रत्येक गावाचा एक ठिपका, ठिपक्याभोवती वर्तुळ. टँकर त्या वर्तुळात जाऊन थांबला तर खेप झाली, नाही थांबला तर पाणी दिलंच नाही. अजीज खूश झाला. "आता कुणाला खोटं बोलता येनार न्हाई," असं तो हसीनाला म्हणाला.

पहिल्याच दिवशी त्या डबीने त्यालाच खोटं पाडलं.

त्याच्या वाट्याला कवठसांगवी आली होती. भूकंपानंतर वर माळावर वसवलेलं गाव, सरळ रस्ते, नंबर टाकलेली घरं. गावच्या विहिरीत त्याने टँकर ओतला, बायकांनी बादल्या सोडल्या, सगळं नीट झालं. संध्याकाळी कचेरीतला संगणकवाला सिद्धराम याचा फोन आला.

"अजीजभाई, तुम्ही कवठसांगवीला गेलाच न्हाई."

"आरं, वतून आलो की!"

"ठिपका तसं म्हनत न्हाई."

ठिपका होता जुन्या गावावर. खाली नदीकाठी, तीन किलोमीटर लांब, जिथे भूकंपापासून जोती आणि वेड्या बाभळी सोडून काही उरलं नव्हतं. गावांची यादी कुणीतरी जुन्या नकाशावरून उतरवली होती. उपग्रहाकडे बोट दाखवण्यात अर्थ नव्हता, त्याला जे ठिकाण सांगितलं ते तो इमानाने दाखवत होता. टँकरच्या ठेकेदाराने सोपा तोडगा काढला. आधी जुन्या गावाला शिवून यायचं, मग नव्या गावात ओतायचं. झालं! रोज दहा हजार लिटर पाणी बाभळींतून गचके खात ओसाड गावाला भेटून येऊ लागलं. त्या फेऱ्यात नव्या गावाची तिसरी खेप बुडाली.

दुसऱ्या दिवशी अजीजने जुन्या गावात टँकर थांबवला तर एका लिंबाखाली म्हातारी बसलेली, शेजारी शेळी. मागे चार पत्रे आणि कापसाच्या पळाट्यांचं खोपटं.

"आली का सरकारला आठवन?" म्हातारी म्हणाली आणि तिने घागर पुढे केली.

ती धुरपताबाई. नव्या गावात तिच्या नावाचं घर होतं, पण त्याचं कुलूप तिने कधी उघडलंच नव्हतं. इथला आड आटल्यापासून नदीच्या पात्रात झरा उकरून वाटी-वाटीने पाणी भरत होती. टँकर आपल्यासाठीच आला यात तिला काही नवल वाटलं नाही. उशीर झाला, एवढीच तक्रार होती. अजीजने तिची समजूत मोडली नाही. घागर भरून दिली.

चार-पाच दिवसांनी त्याने जे पाहिलं त्याने त्याचं डोकं फिरलं. म्हातारीने भरलेल्या घागरीतून एक तांब्या घेतला आणि पलीकडच्या जोत्यावर, दगडांच्या फटीत सगळा ओतून दिला.

"मावशी! तिकडं बाया घागरीसाठी एकमेकींच्या झिंज्या धरून राहिल्या, आन् तू मातीला पाणी पाजून राहिलीस?"

धुरपताबाई रागावली नाही. तांब्या पालथा घालून जोत्याच्या कडेला बसली.

"चांगुणा हाय इथं. माझी लेक. नऊ वर्साची व्हती. त्या दिशी वरून पाऊस पडून राहिला व्हता, आन् खालून ती पाणी-पाणी करून राहिली व्हती. मला आवाज येत व्हता, बाबा. दुपारपस्तोर आला. दगूड काय माझ्यानं हालला न्हाई." तांब्याची माती पदराने पुसत ती म्हणाली, "लोक म्हनत्यात नव्या गावाला चल, तिथं नळ हाय. मी जाईन की. पर हिला पाणी कोन देईल?"

 त्या वेळी आपण याच काठावर कुठल्यातरी ढिगापाशी दोर धरून उभे होतो, हे अजीजच्या मनात आलं आणि त्याला तिथे उभं राहवेना. दुसऱ्या दिवसापासून तो आल्या आल्या आधी तो तांब्या भरून तिच्या हातात द्यायचा, मग घागर.

इकडे नव्या गावात विहिरीवर नागुबाई त्याला रोज गाठायची. बायकांची रांग लावणारी, तोंडाची फटकळ, पण बोलणं खरं. "दादा, कागदावर तीन खेपा हायत. तिसरी कुठं मुरून राहिली? माझी सून बाळंत झालीय, लेकराचं धडुतं धुवायला पाणी न्हाई घरात." अजीज खाली मान घालून पाइप गुंडाळायचा. त्याने कचेरीत जाऊन ठिपका चुकल्याचं नीट लिहून दिलं असतं तर तिसरी खेप सुरू झाली असती. पण मग जुन्या गावात टँकर जाण्याचं कारणच उरलं नसतं. अकरा दिवस त्याने तोंड उघडलं नाही. जन्मात पहिल्यांदा चुकीचं ठिकाण ठाऊक असून तो गप्प होता, आणि त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

शेवटी हसीनानेच ताट बाजूला सारून विचारलं. ऐकून ती म्हणाली, "बोल डालो जी. सौ औरतों का पानी है. उस बुढ़ियाकू तुम मोटरसायकलपे ले जाव."

अजीजने आधी धुरपताबाईला सगळं सांगितलं. हा टँकर तुझ्यासाठी येत नव्हता, चुकून येत होता, हे सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी थोडा वेळ शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"लेकुरवाळ्या बायांचं पाणी माझ्यापायी आडलंय का? आरं, मंग सांग की खरं!"

"तुझं कसं, मावशी?"

"तू हायेस की."

सरपंचाचं पत्र घेऊन तो कचेरीत गेला. सिद्धरामने विचारलं, जुन्या गावात आता राहायला कुणी आहे का? "हाय. एक बाई." सिद्धराम बिचारा चांगला माणूस, पण एका माणसासाठी टँकर द्यायचा असा नियमच नव्हता. त्याने बोटाने ठिपका धरला आणि नदीकाठावरून उचलून माळावर नेऊन ठेवला. भूकंपाने हललेलं गाव संगणकावर हलायला इतकी वर्षं लागली होती, आणि काम झालं चहा निवायच्या आत.

तिसरी खेप सुरू झाली. नागुबाईने अजीजच्या नावाने विहिरीवर नारळ फोडला. अजीज दर तिसऱ्या दिवशी वीस-वीस लिटरचे दोन कॅन मोटरसायकलला बांधून जुन्या गावाला जाऊ लागला, आणि तीन आठवडे कधी चुकला नाही.

मे संपत आला तेव्हा उदगीरकडच्या टँकरचा ड्रायव्हर आजारी पडला आणि ठेकेदाराने अजीजला तिकडे धाडलं. चार दिवसांचं काम होतं. जाताना तो दोन कॅन देऊन गेला. "चार दिस, मावशी. पुरवून वापर." चाराचे पाच झाले, पाचाचे सहा. तिकडची गावं पाण्यावाचून तडफडत होती आणि त्या टँकरला दुसरा ड्रायव्हर मिळत नव्हता. सहाव्या दिवशी त्याने नागुबाईला फोन केला, जरा खाली जाऊन बघून या म्हणाला. नागुबाई भर उन्हात तीन किलोमीटर चालत गेली, खोटं कशाला बोलायचं? संध्याकाळी तिचा फोन आला.

"जाऊन आले, दादा. म्हातारी लिंबाखाली निजली व्हती, उठवलं न्हाई. खोपटात एक कॅन रिकामा हाय, पर दुसरा आर्ध्याच्या वर भरल्याला हाय. काळजी करू नगंस."

अजीजने मनात गणित केलं. अर्ध्यावर कॅन म्हणजे एका माणसाला अजून तीन-चार दिवस सहज. त्याचा जीव भांड्यात पडला. पोटभर जेवला, झोपला आणि आणखी तीन दिवस उदगीरकडच्या गावांना पाणी देत राहिला.

नवव्या दिवशी दुपारी तो पोचला. शेळी सोडलेली होती, नदीच्या पात्रात काहीतरी हुंगत फिरत होती. धुरपताबाई लिंबाखालीच होती. अंगावर पदर नीट घेतलेला, ओठ लाकडासारखे सुकलेले. अजीजने फौजेत पुष्कळ पाहिलं होतं, हात लावून बघायची गरज नव्हती, तरी त्याने बघितलं.

खोपटात एक कॅन आडवा पडला होता, ठणठणीत कोरडा. दुसरा भिंतीच्या सावलीला, त्याचं बूच घट्ट लावलेलं, वर फडकं आणि फडक्यावर तांब्या पालथा. पाणी अर्ध्याच्या आसपास होतं. वीस लिटरमधून रोज एक तांब्या जावा तेवढंच गेलेलं.

त्याला कळलं, आणि तो कॅनशेजारी खाली बसला. एक कॅन तिचा होता, शेळीसकट. तो संपला. दुसरा चांगुणाचा होता. त्यातला थेंब तिने तोंडाला लावला नव्हता. जुन्या गावात एकच बाई आहे, असं कचेरीत त्यानेच सांगितलं होतं. नागुबाईनेही एकच मोजली, तिला काय ठाऊक? पण अजीजला ठाऊक होतं. तो तांब्या रोज त्याने स्वतःच्या हाताने भरून दिला होता. सहाव्या दिवशी अर्धा भरलेला कॅन ऐकून त्याने तिथूनच गाडी फिरवायला हवी होती, आणि तो पोटभर जेवला होता. तो ओरडून रडला. ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

पुढे डॉक्टरने वय झालं, ऊन लागलं असं लिहिलं, आणि गावाने ते मानलं.

पण त्या दुपारी गावाला फोन लावायच्या आधी अजीज उठला. जोतं कोरडं होतं. निदान कालचा आणि आजचा तांब्या पडलेला नव्हता. त्याने कॅनचं बूच काढलं, तांब्या भरला, जोत्यावर जाऊन दगडांच्या फटीत सगळा ओतला. माती पाणी पिताना चुर्र आवाज आला. मग तो परत खोपटात गेला आणि त्याने दुसरा तांब्या भरला, म्हातारीच्या वाट्याचा.